लिलावातील घर आणि ऋणकोचा हक्क : नीरेच्या खोऱ्यातील एक प्रकरण

भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदी अडवून जो जलाशय निर्माण करण्यात आला, त्याचा इतिहास सामान्यतः पाटबंधाऱ्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. जुने धरण १८८० नंतरच्या दशकात बांधले जात होते. त्याच्या जागी उभारलेले मोठे धरण, मुंबईच्या गव्हर्नरचे नाव देऊन लॉइड धरण म्हणून ओळखले गेलेले, १९२८ मध्ये पुरे झाले. येथे साठविलेले पाणी नदीने वीर येथील बंधाऱ्यापर्यंत जाते व तेथून नीरा डाव्या कालव्याने पुरंदर, बारामती व इंदापूर या भागांत पोचते. हा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. या साऱ्या हकीकतीत एक गोष्ट बहुधा ध्यानात घेतली जात नाही. कालव्याचे पाणी ज्या भीमथडी तालुक्यात गेले, त्याच तालुक्यातील सुपे गावी अवघ्या दहा वर्षांपूर्वी, १२ मे १८७५ रोजी, कर्जरोख्यांची होळी झाली होती. सुप्याचे शिवार उंचावर असल्यामुळे त्याला स्वतःला या पाण्याचा लाभ झाला नाही, हे खरे. परंतु त्याच तालुक्यातील खालच्या पट्ट्यात जमिनीची किंमत पाण्याबरोबर बदलली. ही किंमत बदलली तेव्हा जमिनीचा मालक कोण होता, हा प्रश्न मग साहजिकच उपस्थित होतो. काही ठिकाणी तो मूळचा कुणबी होता, काही ठिकाणी कबजेगहाण घेतलेला सावकार होता, तर काही ठिकाणी न्यायालयाच्या लिलावात जमीन घेतलेला खरेदीदार होता. पहिल्या दोघांची स्थिती बरीच अभ्यासली गेली आहे. लिलावात घर किंवा जमीन घेणारा मात्र इतिहासकारांच्या नजरेतून निसटला आहे.

लिलावातील मालमत्ता स्वस्त का जाते, या प्रश्नाचे रूढ उत्तर असे की, सावकार लोभी व कुणबी अडाणी, म्हणून ती स्वस्त जाते. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. लोभी सावकार मोकळ्या बाजारातही होते आणि तेथे जमिनीची किंमत इतकी खाली जात नसे. याचे कारण लिलावात नेमके काय विकले जाते, यात शोधले पाहिजे. न्यायालयाच्या लिलावात घर विकले जात नाही. त्या घरातील ऋणकोचा जो काही हक्क, अधिकार व हितसंबंध असेल, तो विकला जातो. तो पूर्ण असेल तर खरेदीदाराचे नशीब; त्यावर आधीचे गहाण असेल, भाऊबंदांचा हिस्सा असेल, विधवेच्या पोटगीचा बोजा असेल, तर तेही त्याच्याच पदरी येते. खाजगी खरेदीखतात विकणारा आपल्या मालकीची हमी देतो. लिलावात अशी हमी कोणीच देत नाही. ऋणकोचा त्या मालमत्तेत काहीच विकण्याजोगा हक्क नव्हता असे निघाल्यासच विक्री रद्द करून मागण्याची सोय कायद्याने ठेवली आहे. तेव्हा लिलावाची बोली ही घराची किंमत नसून घराच्या किमतीतून या सर्व अनिश्चितता वजा जाता उरलेली रक्कम असते. ही वजाबाकी जितकी मोठी, तितकी खरेदी स्वस्त; आणि तितकेच ऋणकोच्या डोक्यावरील कर्ज अधिक शिल्लक.

ही पद्धत महाराष्ट्रात जुनी नव्हे. पेशवाईत कर्जवसुली होत नसे असे नाही. तगादा बसे, धरणे धरले जाई, प्रसंगी सरकारदरबारी दाद मागून चौथाई भरून वसुली करून घेतली जाई. मिरास जमीन गहाण पडे व विकलीही जाई. परंतु गावच्या मिरासीला गोताची मान्यता लागे, आणि परागंदा झालेला मिरासदार अनेक वर्षांनी परत येऊन आपली मिरास मागू शके. खाजगी देण्यासाठी दूरच्या कचेरीच्या हुकुमाने जमीन परक्याच्या नावे करावी, हा प्रकार त्या व्यवस्थेत बसत नव्हता. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ पासून इंदापुरात जी पाहणी व आकारणी सुरू केली, तिने प्रत्येक क्रमांकाला निश्चित सारा ठरवून दिला आणि खातेदाराला आपला हक्क हस्तांतरित करण्याची मोकळीक दिली. कुणब्याच्या हाती प्रथमच एक विक्रीयोग्य मालमत्ता आली, असे या सुधारणेचे कौतुक करण्यात येई. विक्रीयोग्य वस्तू ही जप्तीयोग्यही असते, ही गोष्ट मागाहून दिसून आली. १८५९ च्या दिवाणी कार्यसंहितेने जप्ती, जाहीरनामा व लिलाव यांची रीत घालून दिली. त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्यावरील दाव्याला थोड्या वर्षांची मर्यादा घातल्यामुळे दर काही वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेणे सावकाराला भाग पडले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव चढले व कर्ज सहज मिळू लागले. युद्ध संपताच भाव कोसळले आणि १८६७ मध्ये इंदापुरापासून सुरू झालेल्या फेरआकारणीने सारा वाढला. रोखे तेवढे जिथल्या तिथे राहिले.

शिरूर तालुक्यातील करडे गावचे १८७४ चे प्रकरण दंग्याच्या सर्व वृत्तांतांत येते. काळूराम या मारवाडी सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध सुमारे १५० रुपयांच्या देण्यापायी हुकूमनामा मिळविला, मालमत्ता ताब्यात घेतली आणि डिसेंबर महिन्यात देशमुखांचे घर पाडावयास सुरुवात केली. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला, आणि पुढे जे घडले ते सर्वांस ठाऊक आहे. या घटनेतील क्षोभाचे स्थान कोठे आहे, हे मात्र नीट पाहिले पाहिजे. जमिनी लिलावात जाणे ही त्या काळी नित्याची बाब झाली होती, आणि ती सहन केली जात होती. त्याचे कारण असे की, लिलावात जमीन घेणारा सावकार सहसा कुणब्याला तेथून उठवीत नसे. कुणबी पूर्वीप्रमाणेच शेत कसी. फरक एवढाच की, आता तो कबुलायत लिहून देऊन खंड भरी. नांगर धरण्याची सावकाराला हौस नव्हती व सवयही नव्हती. त्याला जमिनीचे उत्पन्न हवे होते, आणि ते जुन्या मालकाच्या कष्टाशिवाय येणार नव्हते. घराचे तसे नाही. घराला खंड येत नाही. परगावच्या सावकाराला खेड्यातील वाड्यात राहावयाचे नसते. त्या घराला गावात दुसरे गिऱ्हाईकही मिळत नाही. अशा घरातून पैसा उभा करण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे तुळया, खांब, दारे व दगड विकणे. करड्याचे घर पाडले गेले यात सूडबुद्धी किती व हिशेब किती, हे ठरविणे कठीण आहे. परंतु लिलावातील खेड्यातल्या घराची किंमत ही त्याच्या लाकूडसामानाची किंमत असते, हे त्या प्रसंगाने उघड्यावर आणले.

तीन वर्षांनी, १८७७ च्या नव्या दिवाणी कार्यसंहितेत, जप्तीतून वगळलेल्या वस्तूंच्या यादीत शेतकऱ्याच्या मालकीच्या व त्याच्या राहत्या घराच्या सामानाचा समावेश आढळतो. हत्यारे, अवजारे, गुरे यांच्या जोडीला घराचे ‘सामान’ असा शब्दप्रयोग कायद्याने करावा, हे बोलके आहे. १९०८ च्या संहितेच्या कलम ६० मध्ये तीच सवलत अधिक विस्तृत होऊन घर, त्याचे सामान व त्याखालील जागा, असे तिचे रूप झाले. मात्र या सवलतीला एक दार उघडे राहिले. घर नजरगहाण लिहून दिले असेल तर गहाणाच्या हुकूमनाम्यात जप्तीची पायरीच येत नाही. विक्रीचा हुकूम थेट होतो. म्हणून सवलत साध्या कर्जापुरती उरली, आणि शहाणा सावकार साधे कर्ज देईनासा झाला.

लिलावाच्या प्रत्यक्ष कामाकडे पाहिले म्हणजे किंमत कशी ठरे, हे अधिक स्पष्ट होते. जाहीरनामा चावडीवर लागे, दवंडी पिटली जाई, नेमल्या दिवशी कचेरीच्या माणसासमोर बोली होई. बोली बोलण्यास पुढे कोण येई? शेजारचा कुणबी येत नसे. त्याच्याजवळ रोकड नसे, आणि असली तरी बांधाला बांध असलेल्या माणसाचे घर घेऊन गावात तोंड दाखविणे सोपे नव्हते. दुसरा सावकार सहसा पहिल्याच्या आड येत नसे, कारण उद्या त्याचीही पाळी असे. शहरातील परका माणूस मालकीची चौकशी कोठे व कशी करणार? उरता उरे तो हुकूमनामेदार. त्याला ऋणकोचे व्यवहार माहीत असत, मागची खते त्याच्या पेटीत असत, आणि मुख्य म्हणजे त्याला रोख भरावी लागत नसे. बोलीची रक्कम येणे कर्जातून वजा होई. स्वतःच्या हिशेबाने कमी बोलावे, मालमत्ता घ्यावी आणि बाकीच्या रकमेसाठी त्याच ऋणकोवर पुन्हा दरखास्त ठेवावी, हा मार्ग त्याला मोकळा होता. १८७७ च्या संहितेने न्यायालयाच्या परवानगीवाचून हुकूमनामेदाराने बोली करू नये, अशी अट घातली. ही अट १९०८ च्या संहितेतही कायम आहे. तिचा उपयोग झाला तो बेतानेच. कारण दुसरे गिऱ्हाईक नसेल तर परवानगी नाकारून न्यायालयाने करावयाचे काय?

१८७९ चा दक्खनच्या शेतकऱ्यांच्या दुःखनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून अमलात आला. रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळपासून इतिहास तपासणे, हप्ते बांधून देणे, तडजोड करविणारे पंच नेमणे इत्यादी त्यातील तरतुदींची चर्चा पुष्कळ झाली आहे. महादेव गोविंद रानडे यांचे या कायद्याखालील काम, प्रथम विशेष न्यायाधीशांचे सहायक व १८८७ पासून स्वतः विशेष न्यायाधीश म्हणून, प्रसिद्धच आहे. येथे कलम २२ चा विचार प्रस्तुत आहे. विशेषतः गहाण दिलेली नसेल तर शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता कोणत्याही हुकूमनाम्याच्या बजावणीत जप्त करू नये व विकू नये, असे हे कलम सांगते. लिलावाला इतका मोठा पायबंद यापूर्वी पडला नव्हता. पण पाणी एका वाटेने अडविले की दुसरी वाट शोधते. सावकार आता पहिल्याच दिवशी गहाणखत मागू लागला, आणि गहाणाच्या हिशेबात न्यायालय हात घालते असे दिसताच सरळ खरेदीखतच मागू लागला. कायद्याच्या परिणामांची तपासणी करण्यासाठी १८९१-९२ मध्ये जो आयोग बसला, त्याच्यापुढे ही वाढती गहाणे व खरेदीखते हा एक प्रमुख विषय होता.

या खरेदीखतांचे स्वरूप मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मागील रोख्याची बाकी अमुक, त्यावरील व्याज अमुक, खताच्या खर्चाला रोख अमुक, मिळून एवढी किंमत पावली, अशी त्यांची धाटणी असे. देण्यापेक्षा मालमत्तेची किंमत कमी असेल तर सावकार ‘सूट’ देई व रोखा फाडला जाई. लिलावाची फजिती टळे, दवंडी पिटली जात नसे, आणि पुष्कळदा जुना मालक तेथेच राही. कायद्याच्या भाषेत ही खुषीची विक्री. वस्तुतः ती लिलावाच्या धाकाने झालेली विक्री. अनेकदा तोंडी, क्वचित वेगळ्या कागदावर, इतक्या वर्षांत पैसे दिल्यास जमीन परत देऊ, असा करार असे. मुदतखरेदी ती हीच.

मुदतखरेदीचे जुने भावंड म्हणजे गहाणलहाण. मुदतीत पैसे न दिल्यास गहाण तेच लहाण, म्हणजे खरेदी, समजावे अशी ही अट. रामजी विरुद्ध चिंतो या १८६४ च्या दाव्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने, मुदत टळली तरी गहाण हे गहाणच राहते व ऋणकोचा सोडवणुकीचा हक्क जात नाही, असा निर्णय दिला. इंग्लंडातील न्यायतत्त्वाचा येथे केलेला हा अवलंब होता. प्रिव्ही कौन्सिलला तो मनातून पटला नव्हता. १८७० मध्ये मद्रासच्या एका दाव्यात तिने खतातील शब्दांप्रमाणेच चालावे असे म्हटले होते. परंतु १८७५ मध्ये, म्हणजे सुप्याच्या दंग्याच्याच वर्षी, मुंबईकडे इतके दिवस चालत आलेला प्रघात आता मोडू नये असे तिने मान्य केले. त्यामुळे एकाच काळी एकाच देशात अशा खतांचा अर्थ दोन तऱ्हांनी लावला जात होता. पुढे १८९९ मध्ये खरेदीखताच्या शब्दांविरुद्ध पक्षांच्या मनातील हेतूचा तोंडी पुरावा चालणार नाही, असे प्रिव्ही कौन्सिलने ठरविले. कुणब्याजवळ तोंडी पुराव्यावाचून दुसरे काय असणार? दक्खनच्या कायद्यात मागाहून घातलेल्या कलम १०-अ ने शेतकऱ्याला तो पुरावा देण्याची मुभा दिली, आणि १९२९ च्या दुरुस्तीने मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात, परत देण्याची अट त्याच खतात लिहिलेली असल्यावाचून ते खत गहाण मानले जाणार नाही, अशी तरतूद आली. एका दुरुस्तीने ऋणकोला हात दिला, दुसरीने खरेदीदाराला. या दोहोंमध्ये कोणाचे चुकले असे म्हणता येत नाही. ऋणकोसाठी जितकी दारे उघडी ठेवावी, तितका खरेदीदार बिचकतो व बोली उतरते. खरेदीदाराची मालकी जितकी पक्की करावी, तितके ऋणकोचे घर लवकर जाते. पहिल्या प्रकारात त्याला किंमत कमी मिळते आणि दुसऱ्यात मुदत.

भाटघरच्या पाण्याचा संबंध येथे येतो. गहाण सोडविण्यासाठी कायद्याने ६० वर्षांची मुदत दिली होती. १८७५ च्या सुमारास भीमथडीतील जिरायत जमीन गहाण पडली असेल, तर तिचा सोडवणुकीचा हक्क १९३५ च्या आगेमागेपर्यंत जिवंत राहू शकत होता. मधल्या काळात कालवा आला, ऊस आला, आणि त्या जमिनीची किंमत मूळच्या कर्जाच्या कितीतरी पट झाली. जुने मुद्दल, आणि दामदुप्पटीच्या नियमाने मुद्दलाइतकेच मर्यादित व्याज, एवढे देऊन नातवाने आजोबाची जमीन सोडवावी, ही गोष्ट आता व्यवहारात लाभाची ठरली. तीच जमीन लिलावात गेली असेल तर मात्र नातवाला काहीच मागता येत नव्हते. लिलाव कायम झाला, विक्रीचा दाखला मिळाला, की हक्क संपला. पाण्याने आलेली सारी वाढ खरेदीदाराची. १८७५ मध्ये ज्या दोन शेतकऱ्यांची स्थिती जवळजवळ सारखी दिसत होती, त्यांपैकी एकाच्या घराण्याकडे बागायत परत येण्याची वाट होती आणि दुसऱ्याकडे नव्हती. खत गहाण की खरेदी, या वादाला नीरेच्या कालव्याखाली इतकी धार का आली, याचे हे कारण होय. पाणी ज्या मुलखात साठत होते तो भोर संस्थानचा मुलूख होता. पंतसचिवांचे हे संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत त्याची न्यायालये वेगळी होती, आणि दक्खनचा कायदा ब्रिटिश अमलाखालील मुलखापुरता होता. जलाशयाखाली ज्यांची जमीन गेली, त्यांच्यापुढे तर गहाण सोडविण्याचा प्रश्नच उरला नाही.

विक्रीनंतरही ऋणकोला शेवटची एक संधी असावी, हा विचार १९०८ च्या संहितेत आकारास आला. आदेश २१ च्या नियमांप्रमाणे लिलावात सर्वांत वरची बोली करणाराने चतुर्थांश रक्कम तत्काळ व उरलेली १५ दिवसांत भरावयाची असते. ऋणकोने ठरीव मुदतीत सारे देणे व खरेदीदारास खरेदीच्या रकमेवर शेकडा ५ प्रमाणे भरपाई दिल्यास विक्री रद्द होते. ही शेकडा ५ ची रक्कम खरेदीदाराच्या हिरमोडाचे मोल आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. जाहीरनाम्यात लबाडी किंवा गंभीर अनियमितपणा होऊन खरोखरीचे नुकसान झाले असेल तरीही विक्री रद्द करून मागता येते. केवळ किंमत कमी आली, हे कारण मात्र पुरेसे धरले जात नाही.

१९२९ नंतरच्या मंदीत हा प्रश्न जगभर उभा राहिला. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतील शेतकऱ्यांनी १९३२-३३ च्या सुमारास शेजाऱ्याच्या लिलावाला गर्दी करून काही सेंटांची बोली करावी, दुसऱ्या कोणास बोलू देऊ नये आणि घेतलेली वस्तू मूळ मालकास परत करावी, असे प्रकार केले. करड्याच्या बहिष्काराशी याचे साम्य उघड आहे. फरक एवढाच की, येथे शेजारी बोलीपासून दूर राहिले व त्यामुळे सावकाराचेच फावले, तेथे ते बोलीतच उतरले. मिनेसोटा राज्याने १९३३ मध्ये गहाणमालमत्तेच्या सोडवणुकीची मुदत वाढविणारा कायदा केला व १९३४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. मुंबई इलाख्यात शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा १९३९ मध्ये झाला आणि १९४७ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. खरेदी म्हणून दाखविलेला व्यवहार वस्तुतः गहाण आहे असे ठरविण्याचा अधिकार त्यातही होता. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ ने शेतकरी नसलेल्यास शेतजमीन विकण्यास मनाई केली, आणि हुकूमनाम्याच्या बजावणीतील विक्रीही त्या मनाईत शब्दशः घातली. १९६० च्या सहकारी संस्थांच्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले : वसुलीच्या लिलावात गिऱ्हाईक न मिळाल्यास मालमत्ता धनको संस्थेच्याच नावे करून देण्याची तरतूद त्यात आहे. सावकाराच्या जागी संस्था आली, पण रिकाम्या लिलावाचा शेवट बदलला नाही.

आज नसरापूर, कापूरहोळ या पुणे-सातारा रस्त्यावरील भागात घरे उठत आहेत. शेतीची जमीन आणि घरबांधणीची बिगरशेती जमीन यांच्या नशिबात तेथे मोठे अंतर पडले आहे. बँकांच्या तारण मालमत्तेविषयी २००२ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बिगरशेती झालेले घर वगळलेले नाही. कर्ज थकल्यावर बँक ६० दिवसांची नोटीस देते, प्रथम सांकेतिक व मग प्रत्यक्ष ताबा घेते, आणि न्यायालयात दावा न लावता घर विकते. खरेदीदाराने चतुर्थांश तत्काळ व बाकी १५ दिवसांत भरावयाची, हा १९०८ चा नियम या कायद्याखालील नियमांतही दिसतो. दोन गोष्टी मात्र नव्या आहेत. मूल्यमापन करून राखीव किंमत ठरवावी लागते आणि तिच्याखाली विकावयाचे तर ऋणको व बँक या दोघांचीही संमती लागते. लिलावाला गिऱ्हाईक न आल्यास बँकेने स्वतःच बोली करावी, अशी मुभा मात्र २०१३ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने दिली. १८७७ च्या संहितेला ज्याची काळजी वाटली, तो हुकूमनामेदार येथे पुन्हा दाराशी येतो. सोडवणुकीच्या हक्काचेही तसेच. पूर्वी विक्रीच्या दिवसापर्यंत देणे भरून घर सोडविता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीने ही सीमा लिलावाच्या जाहिरातीपर्यंत मागे आणली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, जाहिरात प्रसिद्ध होताच हा हक्क संपतो, असे स्पष्ट केले. खरेदीदाराच्या बाजूने पारडे इतके पूर्वी कधी झुकले नव्हते. लिलाव टाळून बँकेच्या संमतीने कर्जदारानेच गिऱ्हाईक आणावे, येणारी रक्कम एकरकमी तडजोडीत जमा करावी व उरलेले बँकेने सोडून द्यावे, हा मार्गही चालू आहे. २००७-०८ च्या पडझडीनंतर अमेरिकेतील उपनगरांत अशा विक्रीची रूढीच पडली. रोखा फाडून घेतलेल्या जुन्या खरेदीखताहून तिचे स्वरूप फार निराळे नाही.

तरीही लिलावातील घर बाजारभावाने जात नाही. वर्तमानपत्रांतील बँकांच्या जाहिरातींत ‘जेथे आहे, जसे आहे’ या तत्त्वावर विक्री होईल असे छापलेले असते, आणि त्या चार शब्दांत १८५९ पासूनची हमीवाचूनची विक्री सामावलेली आहे. घरपट्टीची थकबाकी, गृहसंस्थेची येणी, आत राहणारा भाडेकरू, यांची चौकशी खरेदीदाराने स्वतः करावयाची. जुन्या मालकाची विजेची थकबाकीदेखील, वीजपुरवठ्याच्या नियमांत तशी तरतूद असल्यास, लिलावातील खरेदीदाराकडून वसूल करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येच एका निकालात म्हटले. प्रत्यक्ष ताबा बँकेने घेतलेला नसेल तर दंडाधिकाऱ्याच्या साहाय्याची वाट पाहावी लागते. खेड्यात घराचा व जमिनीचा उतारा काढला की, विक्रीच्या दाखल्यावरून खरेदीदाराचे नाव फेरफाराने चढलेले दिसते. पण ‘इतर हक्क’ या रकान्यात एखाद्या सोसायटीचा बोजा, एखाद्या बहिणीचे नाव किंवा जुन्या शर्तीची नोंद तशीच उभी असते. ती कमी करून घेण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज देणे व मंडळ अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहणे, हे काम लिलावाचे सारे पैसे भरून झाल्यानंतर सुरू होते.